उंबरठ्यावरचं माप

लिफ्टचं दार उघडलं. सत्यजीत दोन बॅगा ओढत बाहेर आला आणि त्याच्यामागून मार्ता. कुणी सांगायच्या आत तिने बूट काढून भिंतीशी नीट लावले.

"बघ आई, सगळं शिकवलंय," सत्यजीत म्हणाला. "विमानात पुन्हा उजळणी घेतली. चपला बाहेर. द्यायचं-घ्यायचं उजव्या हाताने. मोठ्यांना नावाने हाक मारायची नाही. अन्नाला पाय लावायचा नाही."

आशालताबाईंनी सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं. लग्न तिकडे पोलंडमध्ये झालं, ते त्यांनी फोनवर पाहिलं. पण विचुंब्याच्या या घरात सून माप ओलांडूनच येईल, हे त्यांनी मुलाकडून कबूल करून घेतलं होतं. शेजारणी दारात जमल्या होत्या. उंबरठ्यावर तांदळाने शिगोशीग भरलेलं पितळी माप होतं.

"उजव्या पायाने हळूच लवंडायचं," आशालताबाईंच्या नणंदबाई, शकूवन्सं, म्हणाल्या. सत्यजीतने तिला ते इंग्रजीत सांगितलं.

मार्ताने मापाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पाय उचलला आणि तसाच मागे घेतला.

"अन्न," ती सावकाश मराठीत म्हणाली. "पाय नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"अगं, हे वेगळं आहे," सत्यजीत म्हणाला.

"कसं वेगळं?"

त्याने आईकडे पाहिलं.

"घ्या वहिनी," शकूवन्सं म्हणाल्या. "लेकाने शिकवलं, सुनेने ऐकलं. आता राहू दे लक्ष्मीला जिन्यातच उभी."

आशालताबाईंनीही कधीकाळी असंच उजव्या पायाने माप लवंडलं होतं. जोर जास्त झाला आणि तांदूळ थेट माजघरापर्यंत गेले. सगळे हसले होते. सासूबाई तेवढ्या खाली बसून दाणा न् दाणा वेचत राहिल्या होत्या, हे त्यांना आज इतक्या वर्षांनी आठवलं. त्यानंतर भावकीत कितीतरी सुना आल्या, कितीतरी मापं लवंडली. कुणाचा पाय असा थांबलेला त्यांनी पाहिला नव्हता.

मार्ता वाकली. तिने दोन्ही हातांनी माप उचललं, कपाळाला लावलं आणि उजवं पाऊल आत टाकलं. एक दाणा सांडला नाही.



"आई, कुठे ठेवू?" तिने विचारलं.

आशालताबाई पुढे झाल्या. "ओट्यावर ठेव, बाळा. आज त्याचाच भात लावू."

मार्ता माप सांभाळत निघाली. शकूवन्संनी पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीला पाठ लावून तिला वाट दिली, गावात पालखी येताना देतात तशी.