सव्वा महिन्याच्या आत

हंसाबाई उंबऱ्यावर आडवीच बसली. अंगणात आशा सेविका इंदुताईंनी आणलेला ऑटो उभा, आणि घरात तिची लेक बबिता बाळाला पोटाशी धरून.

"सव्वा महिना झाल्याबिगर लेकरू बाहेर जाणार नाई."

"याडी, चार वाजता डॉक्टर निघून जाईन! आजचाच दिवस हाय," उर्वशी आईवर ओरडली.

तिचा हा भाचा सातव्या महिन्यातच जन्मला. सत्तावीस दिवस यवतमाळच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. काल 'डोळ्यात इंजेक्शन' एवढं ऐकलं, आणि हंसाबाईनं नातवाला उचलून थेट तांड्यावर आणलं. दहावीतली उर्वशी तेवढी डॉक्टरांजवळ थांबली. तिला सगळं समजलं होतं, अगदी सगळं!

"डोळ्याच्या पडद्याले रक्त पुरत नाई ना, तर तो एक प्रथिन सोडते. ते रक्तनळीच्या आतल्या पेशींले सांगते, वाढा! मंग नळ्या वाट्टेल तशा वाढतात अन् पडदाच ओढून काढतात. इंजेक्शन त्या प्रथिनाचं तोंड बंद करते."

"तुयं तोंड बंद करणारं हाय का एखादं?"

हंसाबाईनं पाय आणखी पसरले.

"उन्हानं पूनमचे डोळे गेले," हंसाबाई म्हणाली. "आता याचे घालवू?"

कोपऱ्यात दोर वळणाऱ्या पूनमसिंगचे हात थांबले. उर्वशीचा हा थोरला भाऊ तेहतीस वर्षांचा. त्यानं जग कधी पाहिलंच नव्हतं.

"अडीच वाजले," इंदुताई बाहेरून म्हणाल्या. "तासाभराचा रस्ता हाय, बाई."

उर्वशीनं भावाकडे पाहिलं. बोलता बोलता ती एकदम अडखळली.

"याडी, भिया कितव्या महिन्यात झालता?"

"सातव्या. नागपूरले पेटीतच होता महिनाभर. कायले?"

"मंग भियालेही हेच झालं असन! तेव्हा कोणी डोळे तपासलेच नसन. थोडं ऊन लागल्यानं लेकराचे डोळे जात नाईत, याडी. मी विचारलं डॉक्टरले."

हंसाबाईनं पाय जवळ ओढले. बबिता जवळजवळ धावतच उंबरा ओलांडून गेली. ऑटो सुरू झाला.

उर्वशी मागोमाग निघाली, तर आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. पूनमसिंगला ऐकू जाऊ नये इतक्या हळू तिनं विचारलं,

"म्हंजे... म्या त्याले वावरात नेलं, म्हणून नाई?"