काचेतले हात

खामगावच्या त्या जिनिंग कारखान्यातला जुनाट कॉम्प्युटर शेटजी काही केल्या बदलत नव्हते, म्हणून मुजम्मिल अन् दीपक त्याच्यावरच कापसाच्या वजनाचा नवा प्रोग्राम लिहीत बसले होते. बाहेर बीटी कापसाच्या गाड्यांची रांग. वजनकाट्यावर वर्षानुवर्षं नागवले गेलेले शेतकरी म्हणत, आता मशीन तरी खोटं बोलणार नाही.

पण रोज दुपारी प्रोग्राममध्ये एक ओळ आपसूक उगवायची. दर गाडीचं वजन थोडंसं कमी दाखवणारी. मुजम्मिल ती पुसायचा, अन् दुसऱ्या दुपारी ती पुन्हा तिथंच असायची.

खोलीची किल्ली फक्त दोघांकडे होती.

"तूच लिहून राह्यला ना बे हे?" मुजम्मिल शेवटी म्हणाला. "शेटजीले मिळाला काऊन तू?"

"माह्या पोरीची शप्पथ, मी नाही बे!"

शाळेपासूनचा दोस्त. तरी मुजम्मिलनं त्याला दंडाला धरून बाहेर काढलं अन् स्वतः परत स्क्रीनपुढं येऊन बसला.

तेवढ्यात लाईट गेली. जिनिंगची घरघर थांबली, स्क्रीन काळीठिक्कर पडली, अन् त्या शांततेत कीबोर्डची टकटक ऐकू येऊ लागली.

काळ्या काचेत मुजम्मिलला स्वतःचाच चेहरा दिसला. त्याचे हात तर मांडीवर होते. काचेतल्या मुजम्मिलचे हात भराभर टाईप करत होते.

डबा न्यायला परत आलेला दीपक दारातच थबकला. तो काचेकडे बघत नव्हता. तो कीबोर्डवर चालणाऱ्या मुजम्मिलच्या हातांकडे बघत होता.

"म्हणजे तूच होता बे," तो हळूच म्हणाला.