दोनाचं निम्मं

"शून्य," द्वारका म्हणाली.

"एक," विष्णुपंत म्हणाले. जेवणं झाल्यापासून ते हेच सांगत होते.

द्वारकेनं पाटी मांडीवर ठेवली. पहाटे उठून तिनं पाणी भरलं होतं, धुणं धुतलं होतं, स्वयंपाक उरकला होता. आता डोळे आपोआप मिटत होते. "मामंजी, दोनाचा तिसरा घात म्हणजे दोन तीनदा घेऊन गुणायचे. आठ. हे कळलं. पण शून्य घात म्हणजे दोन एकदाही घेतलेच नाहीत. मग एक येतो कुठून?"

"नियमच आहे तो. पाठ कर."

खालापूरच्या शाळेत विष्णुपंतांनी जन्मभर हेच सांगितलं होतं. पोरं पाठ करत आणि पास होत. आता ते घरी बसले होते, आणि त्यांच्या हाताखाली एकच विद्यार्थिनी उरली होती, त्यांची विधवा सून. मॅट्रिक झाली तर पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत तिला शिक्षिकेची जागा मिळणार होती.

अंगण सारवायला आलेली भागूबाई हात धुता धुता थांबली. "बाई, तुमी पुन्याला गेल्याव मास्तरांचं कोन बघल? दुसरं कोन हाय त्यांना?"

द्वारकेनं मान खाली घातली. "मी आपलं बोलले," असं म्हणत भागूबाई घमेलं उचलून निघून गेली.

विष्णुपंतांनी चष्मा काढून डोळे चोळले. "राहू दे, द्वारका. बीजगणित सगळ्यांनाच जमतं असं नाही. तू दमलीस, मीही दमलो. यंदा नको बसूस परीक्षेला."

रागावण्याइतकंही त्राण द्वारकेत नव्हतं. "नाही बसत," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण पुढंमागं कधी शिकवायला लागले आणि एखाद्या पोरीनं हेच विचारलं, तर मीही तिला 'पाठ कर' असंच म्हणू का?"

बाहेर रस्त्यावरून लष्कराची एक लॉरी घाटाकडे गेली. तिची घरघर पार विरली, तेव्हा विष्णुपंतांनी पाटी ओढून घेतली, तळहातानं पुसली आणि तिच्यापुढे सरकवली.

"दोनाचा चौथा घात लिही."

"सोळा."

"त्याच्याखाली तिसरा."

"आठ."

"दुसरा."

"चार. आणि पहिला, दोन."

"दर पायरीला काय होतंय?"

"निम्मं होतंय."

"मग आणखी एक पायरी उतर. दोनाचं निम्मं किती?"

पेन्सिल पाटीवर थांबली. द्वारका ओठ हलवत पुन्हा सोळापासून खाली आली.

"एक," ती पुटपुटली. आणि मग मोठ्यानं, "एकच की! शून्य कसं येईल?"

विष्णुपंत दचकले. त्या घरात एवढ्या मोठ्यानं कुणी बोलल्याला फार दिवस झाले होते.

"परीक्षा कधी म्हणालीस?"

"मार्चात."

"मार्चात," ते म्हणाले. गुडघ्यावर हात रेटून ते उठले. द्वारकाही उठायला लागली, तसं त्यांनी तिला हातानंच बसवलं. "तू तिनाचं करून बघ. चहाचं मी बघतो."

आयुष्यात ते चुलीपुढे बसले नव्हते. आत डबे खडखडले. फुंकणीचा आवाज आला, मग खोकला. स्वयंपाकघराच्या दारातून धूर ओटीवर आला. द्वारकेनं एक्याऐंशी लिहिले, त्याखाली सत्तावीस, मग नऊ.

"द्वारके," धुरातून हाक आली, "दूध आधी घालायचं की गूळ?"

"गूळ आधी, मामंजी. दूध शेवटी, खाली उतरवल्यावर."

एवढं सांगितलं, पण ती जागची उठली नाही.