दिवा लागला का?

"त्याला सांग, नेटच्या डब्यावरचा दिवा लागलेला नाही," बाबा आईला म्हणाले.

"त्यांना सांग, म्हणूनच तर वर नेट नाही," जिन्यावरून चिरंजीव म्हणाले.

आई मधे उभी. गेले दोन महिने हीच तिची नोकरी. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसणार नाही, असं मुलानं तोंडावर सांगितलं आणि बाबांनी बोलणं टाकलं. मुलगाही त्यांच्याच वळणाचा, त्यानंही टाकलं. तेव्हापासून बाबांनी त्याच्या वरच्या खोलीचा उंबरा ओलांडलेला नव्हता.

आज चारला मुलाची कॉम्प्युटरवरून मुलाखत होती. नोकरी दूरच्या शहरातली. पोरगं अबोला घेऊन घराबाहेर पडलं तर तो जन्माचाच व्हायचा, या धास्तीनं आईची झोप उडाली होती.

म्हणून सकाळी तिनं एक उद्योग केला. तिनं भरून दिलेली झारी घेऊन बाबा गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला निघाले, मुलगा अंघोळीला गेला. तेवढ्यात तिनं कपाटामागं हात घातला, चाचपत नेटची वायर शोधली आणि भिंतीतून उपटली. डबा खाली, कॉम्प्युटर वर. एकानं वर वायर हलवायची, दुसऱ्यानं खाली दिवा बघायचा. न बोलून सांगतात कुणाला!

"माझे हात साबणात आहेत. तुमचं तुम्ही बोला," म्हणत ती स्वयंपाकघरात शिरली.

मग वरून घोगरा आवाज आला.

"लागला का?"

"नाही," बाबांनी भिंतीला सांगितलं.

"आता?"

"नाही."

"आता तरी?"

"अरे, लागला की सांगीन ना! जागचा हललोय का मी?"

आईनं पदर तोंडाला लावला. 'अरे' म्हणाले! कान तृप्त झाले तिचे.

"डबा बंद करून चालू करा, बाबा."

"केला. तू जेवलास का?"

"मुलाखत झाल्यावर जेवतो."

"उपाशीपोटी डोकं चालत नाही."

इथवर छान जमलं. आता गुपचूप वायर परत खोचायची, की झालं. पण बाबा नेमके कपाटाला स्टूल टेकवून बसलेले. डोळ्याला दुकानातलं भिंग लावून ते डब्याकडे असे बघत होते, जणू कुणाचं घड्याळ उघडलंय.

"अहो, पुढं दुकानात गिऱ्हाईक आलंय वाटतं."

"येईल परत."

तीन वाजून गेले. आईनं साबणाचे हात पदराला पुसले. करायला गेलो एक आणि पोराची नोकरीच घालवली! सगळं कबूल करायचं ठरवून ती बाहेर आली.

तेवढ्यात बाबा एकदम म्हणाले, "अरे, पलंगाच्या उशाला, खाली भिंतीशी वायरचा जोड आहे. तो निखळलाय का बघ."

वर खाटखुट झाली.

"लागला का?"

"लागला!" बाबा स्टुलावरून उठलेच. "लागला रे, हिरवागार!"

मुलगा धडाधड जिना उतरला. क्षणभर दोघं डब्यापुढे अवघडून उभे राहिले.

"बाबा, मुलाखतीला तुम्ही वर बसाल? मला धीर येईल."

"दाराबाहेर बसतो. आत माझं काय काम?" बाबांनी भिंग पुसायला घेतलं. "आणि नोकरी लागली, तर रोज फोन करायचा. तिला."

"तुम्हाला करीन."

मुलानं आधाराला हात दिला आणि दोघं जिना चढले. आईनं मनसोक्त डोळे पुसले.

मग तिच्या ध्यानात आलं. वायर तर अजून उपटलेलीच होती. दिवा लागला कसा?

तिनं कपाट सरकवून मागं वाकून पाहिलं. लोंबत होती ती जुन्या फोनची वायर. तो फोन भंगारात जाऊन जमाना झाला होता. नेटची वायर शेजारी, जिथल्या तिथं घट्ट बसलेली. तिला कुणी बोटही लावलेलं नव्हतं.

मग वरचा तो जोड निखळवला कुणी? डोकं खाजवत ती वळली. जिन्याखाली झारी होती. सकाळी तिनं बाबांच्या हाती भरून दिली होती तशीच, काठोकाठ.