सव्वीस वर्षांचा कॅटफिश

शाळा सुटल्यावर बाई माशांच्या दुकानात शिरल्या. घरच्या टाकीला नवा पंप हवा होता.

"आमचा कॅटफिश सव्वीस वर्षांचा झाला बरं का," त्या कौतुकाने म्हणाल्या.

म्हातारे दुकानदार हसले. "घरच्या टाकीत तो आठ-दहा वर्षं काढतो, ताई. फार जीव लावला तर पंधरा."

बाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. तळाच्या वाळूवर पसरलेला काळा मासा, डावी मिशी अर्धी तुटलेली. दुकानदारांचं हसू मावळलं.

"हा तर नवव्या वर्षीच गेला. तुमचे वडील त्याला रुमालात गुंडाळून इथे घेऊन आले, लहान मुलासारखे रडत होते. या हातांनी पुरला मी त्याला, मागच्या झाडाखाली."

पंप घ्यायचा विसरून बाई झपाझप घरी आल्या.

वडील टाकीशी खुर्ची ओढून बसले होते, चिमटीने दाणे सोडत होते. मासा वर येऊन एकेक दाणा टिपत होता.

"बाबा," त्यांनी दारातूनच विचारलं, "हा मासा मेला होता ना?"

वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल, पोरी," ते कुजबुजले. "त्याला अजून माहीत नाही."

दाणा माशाच्या तोंडातून निसटला. तो सावकाश वळला आणि काचेला तोंड टेकवून बाईंकडे बघू लागला. त्याचे कल्ले हलायचे थांबले होते.