सोबतीला आलेली

"झोप लागते का नीट?" सिस्टरनं विचारलं.

"कुंभकर्णासारखी!" उत्तर बायकोनं दिलं. "पडल्या पडल्या घोरायला लागतात. दोनच्या सुमाराला एकदा कूस बदलतात, तेवढीच काय ती शांतता."

तपासणीच्या टेबलावर बसलेला नवरा ओशाळून हसला. कंबर धरली म्हणून दवाखान्यात आला होता तो, पण तोंड उघडायची पाळी काही त्याच्यावर येत नव्हती.

"आणि भूक?"

"विचारूच नका! स्वतःचं ताट चाटूनपुसून माझंही संपवतात."

सिस्टरला हसू आवरेना. सकाळपासून लोकांचं कण्हणं ऐकून तिचे कान किटले होते. ही बाई म्हणजे नुसती फुलबाजी. प्रश्न खाली पडायच्या आत झेलत होती.

एकच प्रश्न उरला. येईल त्या पेशंटला तो विचारायचाच, असा दवाखान्याचा नियम होता. सिस्टरनं आवाज मऊ केला.

"हल्ली कधी जीव द्यावासा वाटतो का, काका?"

"छे हो!" नवरा खो खो हसला. "कंबरेपायी कोण जीव देतं?"

सिस्टरनं 'नाही'वर खूण केली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, या वेळी बायको बोललीच नव्हती. मान खाली घालून ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती.

बाहेर पंधरा पेशंट खोळंबले होते. शिवाय नियम पेशंटपुरता, आणि ही तर नुसती सोबतीला आलेली. सिस्टर क्षणभर घुटमळली.

"काका, शेजारच्या खोलीत एक्स-रे काढून या."

तो लंगडत गेला. सिस्टरनं दार लोटलं, स्टूल ओढलं आणि बाईंच्या समोर बसली.

"काकू, आणि तुम्हाला? तुम्हाला वाटतं का तसं?"

चेन थांबली.

"रोज," काकू म्हणाल्या.

सिस्टरनं त्यांचा हात हातात घेतला. दुसऱ्या हातानं फोन उचलून डॉक्टरांना आत बोलावलं. "ते येतीलच. तोवर मी इथून हलत नाही."

काकूंनी किती दिवसांचा कोंडलेला श्वास सोडला, कुणास ठाऊक.

"यांच्या कंबरेचं शेकानं भागलं असतं, सिस्टर. मीच ओढून आणलं त्यांना. एकटीनं इथवर यायला पाऊल उचलत नव्हतं."