अहवाल वाचला असं समजून

"अहवाल वाचला असं समजू या का?" अध्यक्ष देवस्थळींनी विचारलं. "समजू या!" म्हणत सगळ्या वास्तुविशारदांनी हात वर केले. बाहेर जेवणाची ताटं लागत होती.

आमच्या संघाचं कार्यालय मी सांभाळते, वार्षिक अहवालही मीच लिहिते. यंदा त्यात पर्यावरणाचं नवं प्रकरणही घालायचं होतं. सभासदांनी आपल्या इमारतींत किती वीज, किती पाणी वाचवलं हे विचारत मी महिनाभर त्यांना फोन केले. "टाका हो काहीतरी" ऐकून कान किटले. शेवटी त्या प्रकरणाच्या तळाशी मी खरंच काहीतरी टाकलं: 'या अहवालासोबत माझा राजीनामाही मंजूर समजावा.'

"अहवाल झकास झालाय, सबनीसबाई," जेवताना देवस्थळी म्हणाले. "पुढच्या वर्षी जरा लवकर द्या."

"मंजूर केलात ना, साहेब?"

"एकमताने!"

मी कार्यालयाच्या किल्ल्या त्यांच्या ताटाशेजारी ठेवल्या.